ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विमा

डोंबिवलीतल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या.

“काकी, आत विमावाला बसलाय. डॉक्टर विमा काढतायत.”

“कसला गं, योगिनी?”

“पेशंटने केस टाकली तर नुकसानभरपाई कंपनी देते.”

“उद्या माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि यांना आज केस सुचतेय?”

“अहो, तुमचा विकी हेल्मेट घालतो, तो काय पडायचं म्हणून?”

“तो कुठे घालतो!”

“आणि उद्या डॉक्टरांचाच हात मोडला, तर घर कसं चालणार? त्याचाही विमा काढतायत.”

“उद्या हात मोडणार? अगं, त्याच हाताने मला कापणार ना! चल, आपण ठाण्याच्या डॉक्टरकडे जाऊ.”

“काकी, त्यांनीही काढला असेलच.”

“असेल. पण माझ्यासमोर नाही ना काढला!”