ढाल धरली कुणी?

बाळगोपाळहो, आणि त्यांना घेऊन आलेल्या मोठ्या बाळगोपाळहो! पेटीवाले, जरा दम धरा, मला आधी एक प्रश्न विचारू द्या. माणूस वाढला हे ओळखायचं कशावरून? उंचीवरून? मग ताडाला नमस्कार करा! आकड्यावरून? मग काट्यावर उभं राहा — माझा आकडा तर दर दिवाळीला वाढतो!

हसू नका. प्रश्न अवघड आहे. आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न — शेजारचा आपल्यापेक्षा भरभर वाढला, की आपल्या मनात पहिलं काय येतं? खरं सांगा! 'वा वा' येतं, की 'यात काहीतरी काळंबेरं आहे' येतं?

ऐका तर.

वडनेर गावात यशोधन नावाचा मुलगा. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. अभ्यास बेताचा, पण 'अग्निगड' खेळात एक नंबर! काय म्हणता आजोबा, अग्निगड कुठल्या तालुक्यात? अहो, कंप्युटरमधला गड तो! तिथे आपला एक योद्धा असतो. तलवार चालवली की त्याची ताकद वाढते. धावला की चपळाई. आणि शत्रूचा वार ढालीवर झेलला की वाढतो दम. पुढे बसलेली पोरं मान डोलावताहेत बघा — माझे गुरू ते! त्यांनीच शिकवलं मला.

आता यातली गोम ऐका. पुरेसं शिकून झालं, की योद्ध्याने धर्मशाळेत जाऊन झोपायचं. उठला की एक लेव्हल वर! पण झोपण्याआधी ढालीचा सराव भरपूर केला असेल, तर दम पाचाने वाढतो. घाईघाईत झोपला, तर एकाने. आणि मंडळी — आपण एक लेव्हल चढलो, की गडावरचे सगळे राक्षसही एक लेव्हल चढतात! कच्चा राहून वर गेलात, तर वर तुमच्यापेक्षा पक्का राक्षस बसलेला! आहे की नाही संसारासारखं?

तर यशोधनचा योद्धा एकतिसाव्या लेव्हलला. दम नव्वद! कसा केला? खेळात एक गुहा आहे, तिथे एक खेकडा. बिचारा नांगी मारून मारून मारणार किती! त्याच्यापुढे ढाल धरून उभं राहायचं, की दम वाढतो. पण तासन् तास कोण बसणार? यशोधनने स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला, ढालीच्या बटणावर ठेवला — आणि गेला जेवायला! इकडे हा आमटी-भात ओरपतोय, तिकडे दम वाढतोय. मग वामकुक्षी. दम वाढतोच आहे! आई घरभर शोधतेय, "अरे, माझा बत्ता कुठे गेला?"

याला तो काय म्हणायचा? "ही युक्ती आहे." बरं बाबा, युक्ती!

तालुक्याला या खेळाची स्पर्धा लागली. चौघांचा संघ. यशोधन कप्तान, त्याचा मित्र बजरंग, बजरंगची बहीण उल्का, आणि चौथी रेवती — गुरवआळीत राहणारी, याच्याच वर्गातली. फॉर्मवर एक ओळ होती. कप्तानाने त्याखाली सही करायची — 'आमची सर्व पात्रे आम्ही स्वतः खेळून वाढवली आहेत.' एकाचं जरी खोटं निघालं, तर चौघेही बाद! फॉर्म द्यायची वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

शुक्रवारी दुपारी यशोधन फॉर्म भरायला बसला आणि रेवतीच्या आकड्यांपाशी अडला. लेव्हल चौदा. दम — ऐंशी!

"चौदाला ऐंशी? म्हणजे जवळजवळ प्रत्येक झोपेला पाच? कुणाला जमतं हे?"

त्याने बजरंगला फोन लावला. "बज्या, रेवती लबाडी करतेय."

"कशावरून?"

"मी तीनदा बघितलं. तिचा योद्धा गुहेत खेकड्यापुढे उभा. तास तास! वार करत नाही, जागचा हलत नाही. खेळातूनच हाक मारली तर उत्तर देत नाही. समोर कुणी बसलेलंच नसणार!"

बघा हं मंडळी, संशयाला डोळे किती बारीक! हाकेला उत्तर दिलं नाही, म्हणजे ती कंप्युटरपुढे नाही. का नाही? कारण याचा योद्धा असाच उभा असायचा, तेव्हा हा स्वतः कंप्युटरपुढे नसायचा!

"मग नाव कापायचं?" बजरंग म्हणाला.

"आधी मुद्देमालासकट पकडतो."

साडेतीनला स्वारी गुरवआळीत. दारात रेवतीची आई शेंगा निवडत होती.

"काकू, रेवती आहे?"

"आहे ना! दोन तास झाले, त्या खेकड्याचा मार खातेय. माझं एक ऐकत नाही, खेकड्याचं सगळं ऐकते! जा आत."

यशोधनने चपला काढल्या. पाऊल न वाजवता पडद्याआड उभा राहिला. फटीतून एक डोळा लावला. काय शोधत होता? टेबलावर काही वजन आहे का? नाही. खाली? नाही. रेवती मात्र खुर्चीत ताठ बसलेली. दोन्ही हात बटणांवर. खेकड्याने नांगी उचलली — हिची ढाल वर! नांगी खाली — ढाल खाली! ओठ पुटपुटताहेत, पापणी लवत नाही. हा म्हणतो मनात, 'नाटक! कुणी येणार हे तिला कळलं असणार. आईने आवाज मोठा केला होता!' काकूसुद्धा कटात, बरं का!

तेवढ्यात रेवती न वळताच म्हणाली, "यश्या, पडद्याखाली तुझे पाय दिसताहेत."

झालं! चोर पकडायला आलेला चोरासारखा बाहेर. पण आवाज चढलेलाच.

"पुरे झालं नाटक! बत्ता कुठे लपवलास?"

रेवती वळली. "बत्ता? कसला बत्ता?"

"तोच! बटणावर ठेवायचा!"

तिने बटणांवरचे हात काढले.

"बटणावर बत्ता ठेवायचा, हे मला सुचलं नव्हतं रे," ती हळूच म्हणाली. "तुला कसं सुचलं?"

मंडळी! आता वाट शोधायची पाळी याची! यशोधनने दाराकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या फॉर्मकडे.

"त्याशिवाय प्रत्येक झोपेला पाच कसे मिळवलेस?" त्याचा आवाज आता पार खाली.

"झोपायची घाई केली नाही. तू दोनदा झोपायचास तेव्हा मी एकदा. त्याची नांगी डावीकडे येणार की उजवीकडे, ते आता मला आधीच कळतं. हाकेला उत्तर द्यायला फुरसत नसायची." तिने हात पुढे केला. "फॉर्म आण. सही झाली?"

"नाही."

"मग कर की! चार वाजत आले."

पेन खिशातच होतं. निघेना! घरातून येताना हिचं नाव खोडायला जे पेन सळसळत होतं, ते आता मणभर जड झालं. सही करावी, तर ओळ खोटी. न करावी, तर चौघे बाहेर. आणि गप्प राहावं, तर ती समोर बसलेली.

मग त्याने पेन काढलं. आपल्या योद्ध्यापुढचा एकतीसचा आकडा खोडला आणि लिहिलं — लेव्हल एक. नवा कोरा योद्धा! मगच सही केली.

रेवतीच्या घरूनच बजरंगला फोन केला. पलीकडून ओरडा — "वेड लागलं का तुला? एकतीसचा गडी सोडून एकचा? तिने काय मंतर घातला?"

सांगता आलं असतं, 'फाईल बिघडली.' तोंडापर्यंत आलंही होतं! पण रेवती ऐकत होती.

"बज्या, तो मी वाढवला नव्हता," यशोधन म्हणाला. "मी जेवत होतो."

स्पर्धेत काय झालं? जिंकले? नाही हो! कीर्तनात सगळेच जिंकायला लागले तर तुम्हीच माझ्यावर संशय घ्याल! दुसऱ्या फेरीत हरले. याचा नवा योद्धा तर पहिल्याच रानडुकराने आडवा केला. बजरंग महिनाभर बोलला नाही.

आता तुमच्याकडे वळतो. मी काही 'संशय घेऊ नका' असं सांगणारा बुवा नाही. घ्या! संशय म्हणजे राखणीचा कुत्रा, गुणी जनावर आहे. पण आपण त्याला बांधतो कुठे? शेजाऱ्याच्या दारात! आणि आपलं घर उघडं टाकून जेवायला जातो. पोरांनो, तुमच्या प्रगतिपुस्तकातला आकडा, आणि बाबांनो, तुमच्या नावामागची पदवी — आज रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या प्रत्येकाला एकदाच विचारा: हा आकडा वाढत होता, तेव्हा मी कुठे होतो?

उत्तर मला सांगू नका. पेटीवाले, आता वाजवा! सगळ्यांनी टाळ्या — आणि आपापल्या हातांनी!