आईच्या नाचावर अडकलेला व्हिडिओ

अरे, एक्सपोर्ट एररचं मला नका सांगू! ताईच्या हळदीचा व्हिडिओ मीच एडिट केलेला. कोपरीच्या हॉलमध्ये रिसेप्शनला मोठ्या स्क्रीनवर लावायचा होता. पण फायनल फाइल बनवताना एक्सपोर्ट दर वेळी आईच्या नाचापाशी यायचा आणि बंद पडायचा.

दादा म्हणाला, "तेवढा तुकडा काढून टाक ना."

आईने नेमकं ऐकलं. "काढा, काढा. कोळी लुगडं नेसून नाचले, व्याह्यांसमोर लाज वाटते, तर सरळ सांगा. कॉम्प्युटरवर कशाला ढकलता?"

झालं! आता माघार कसली? इफेक्ट काढले, सॉफ्टवेअर परत टाकलं, तरी तेच. शेवटी काकाने मोबाइलवर काढलेली ती नाचाची क्लिपच बिघडलेली निघाली. तिचा फॉरमॅट बदलून परत लावली, तेव्हा कुठे एक्सपोर्ट पूर्ण झाला.

रिसेप्शनला व्हिडिओ ऐन रंगात आला, आई स्क्रीनवर पदर खोचून नाचायला लागली आणि चित्र जागच्या जागी थांबलं. आई पुटपुटली, "बघ, अडकलाच शेवटी."

मी लॅपटॉपमागून ओरडलो, "अडकला नाही गं आई, मी थांबवलाय. बघू दे सगळ्यांना नीट!"