इंजिनच्या नळीतलं बूच

हसता काय राव, आधी ऐका तर. माझ्या जुन्या गाडीचं इंजिन मागं, पाण्याबिगर हवेवरच थंड होणारं. त्याच्या एका नळीतून तेल टपकायचं. बायको वैतागली, "सारवलेलं अंगण समदं काळं केलं तुमच्या गाडीनं!" मंग मी नळीत लाकडाचं बूच ठोकलं. टपकणं बंद.

दुसऱ्या दिवशी तिला अन् तान्ह्या पोरीला मागं बसवून भोकरदनला निघाल्तो.

"अहो, जळका वास येऊन राह्यला."

वळून बघतो तर मागच्या काचेत धूरच धूर! गाडी थांबवून मी खाली उडी मारली. गाडीला दारं दोनच, अन् पुढची सीट काही केल्या दुमडंना. बायकोनं सीटवरून पोरगी माझ्या हातात दिली, मंग स्वतः सरपटत बाहेर आली. पोरगी रडत न्हवती, त्याचंच मला जास्त भ्याव वाटलं. धूर विरला तव्हा कुठं तिनं टाहो फोडला.

मिस्त्रीनं बूच उपटलं. "हे कोणी ठोकलं? इंजिन ह्या नळीतून श्वास सोडतं. दम कोंडला, सील फुटलं, तेल गरम सायलेन्सरवर उडालं."

बायकोनं त्याच्या हातातलं बूच घेऊन लांब भिरकावलं.

तवापासून पोरीला कडेवर घेऊन ती आधी गाडीमागं वाकते. खाली तेलाचा थेंब दिसल्याबिगर आत बसत न्हाई.