उजवं चाक राहिलं होतं

नाव वरच्या रकान्यात लिहून घेतलं आहे. वय अठ्ठावन्न. धंदा बोटींच्या ट्रेलरच्या चाकांची दुरुस्ती. राहणार धक्क्याच्या रस्त्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत. मयत हा माझा सख्खा धाकटा भाऊ.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून जबाब देते की, दुकान आम्हा दोघांचं आहे. तो चाकं खोलायचा, मी बेअरिंग धुऊन ग्रीस भरायचे. अख्खा धक्का त्याला 'थांबा' म्हणतो. ते का, हे हवालदारांनी विचारलं नाही, पण लिहायला हवं. लांबून आलेल्या ट्रेलरचं हब तापलेलं असतं. हब म्हणजे चाकाच्या मधला डबा, बेअरिंग त्यात फिरतात. बोट उतरवायला ट्रेलर पाण्यात ढकलतात, तेव्हा तो तसाच गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि रबरी सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. गरम डब्याला घट्ट झाकण लावून गार केलं की झाकण कसं आत ओढलं जातं, तसंच. मग बेअरिंग आतून गंजतं आणि बाहेर काही दिसत नाही. आमच्याकडचं पाणी तर खारं. म्हणून भाऊ धक्क्याच्या उतारावर उभा राहून येईल त्याला अडवायचा. हबला पालथा हात लावायचा आणि म्हणायचा, "थांबा, अजून गरम आहे."

लोक वैतागायचे. मीही त्याला कमी चिडवलं नाही. "लग्नालाही थांबा थांबा म्हणत राहिलास, आता बेअरिंगच्याच गळ्यात माळ घाल," म्हणायचे. तो म्हणायचा, "ताई, बेअरिंग निदान उलट बोलत नाही." हे कामाचं नाही असं हवालदार म्हणाले. मी म्हटलं, असू दे तरी.

तो एकदाच थांबला नाही. त्या दुपारी एक लहान मुलगी हवेच्या ट्यूबवर बसून काठापासून वाहत गेली. इथल्या बोट क्लबची मोटरबोट ट्रेलरवर होती, नुकतीच लांबून आलेली. ड्रायव्हर सवयीने उतारावर गाडी उभी करून भावाची वाट बघत होता. भाऊ दुकानातून पळत सुटला आणि हबला हातही न लावता ओरडला, "घाल पाण्यात! घाल लवकर!" मी दारात होते. त्याच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. बोट वेळेवर पोचली. मुलगी वाचली.

संध्याकाळी त्याने ट्रेलर दुकानासमोर आणून लावला. म्हणाला, "ताई, आज पाणी प्यायलीत ही चाकं. दोन्ही आजच खोलायची." डाव्या चाकातून पाणी निघालंच. त्याने सगळं पुसून कोरडं केलं, नवं बेअरिंग, नवं सील घातलं. ग्रीस रोज मी भरते, पण त्या दिवशी, "आज मी भरतो," म्हणाला आणि अंगठ्याने दाबून दाबून भरलं. झाकणातही भरून ते वर ठोकलं. उजव्या बाजूला जॅक लावला, तेवढ्यात त्या मुलीचे आईवडील तिला घेऊन आले. आईने त्याचे ग्रीसने भरलेले दोन्ही हात धरले ते सोडेचना. मुलगी बापाच्या शर्टात गुंडाळलेली होती. तिला आमच्या स्टुलावर बसवलं, मी चहा ठेवला. अशा माणसांना थांबा कोण म्हणणार? ते गेले तेव्हा दिवे लागले होते. भाऊ म्हणाला, "उजवं सकाळी उठल्या उठल्या घेतो." इतका खूश त्याला मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

सकाळी आम्ही उठायच्या आत क्लबचा ड्रायव्हर जॅक काढून, ट्रेलर जोडून निघाला होता. दुसरी बोट आणायची होती. भाऊ अनवाणी मागे पळाला, "थांबा, थांबा!" करत. रस्त्यावरची माणसं हसली. त्यांना वाटलं, नेहमीचंच चाललंय ह्याचं.

नंतर तो क्लबमध्ये कितीदा तरी गेला. सेक्रेटरी म्हणायचे, "शर्यती होऊन जाऊ दे, मग हवा तेवढा ठेवून घे." सेक्रेटरी वाईट माणूस नाही. वडिलांच्या आजारपणात त्यांनीच स्वतःची गाडी दिली होती. पण ट्रेलर काही त्यांनी दिला नाही.

अपघाताच्या दिवशी ड्रायव्हर बोटीसकट ट्रेलर रस्त्यात उभा करून स्वतः दुकानात आला. उजवं चाक घरघरतंय, ऐकायला चल, म्हणाला. भाऊ चपला घालून तसाच गेला. पुढचं मला ड्रायव्हरने रडत सांगितलं ते असं. हबवर हात ठेववत नव्हता. भाऊ म्हणाला, बोट इथेच उतरवा. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, धक्का वळणावरच आहे, हळूहळू आणा. भाऊ गाडीत बसला नाही. "मी चाकाजवळून चालतो, हाक मारली की ब्रेक दाब," म्हणाला. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी चाक निखळलं आणि ट्रेलर त्या अंगावर बसला. मधे माझा भाऊ होता. ड्रायव्हर म्हणाला, "त्याने हाक मारली, ताई. मी लगेच थांबलो."

सेक्रेटरींनी लिहून दिलं आहे की दुकानाने देखभालीत हलगर्जीपणा केला. मेलेल्या माणसाकडे बोट दाखवायला काय जातं, तो थोडाच उठून उत्तर देणार आहे! म्हणून मी आले. इथल्या आवारात माझ्यासमोर दोन्ही चाकं खोलली. उजव्यातलं ग्रीस पाणी मिसळून ताकासारखं पांढरं झालं होतं आणि बेअरिंगचा लाल चुरा. डावं स्वच्छ, ठासून भरलेलं. नोंद दोन्हींची व्हावी. नुसतं उजवं लिहिलं तर ते खरं असूनही खोटं होईल. माझ्या भावाने आयुष्यात एक चाक अर्धवट ठेवलं, आणि तेही त्याला पुरं करू दिलं नाही.

त्या मुलीच्या आईवडिलांना यातलं काही कळू नये. ते अंत्यसंस्काराला आले होते, मुलगी कडेवर होती. कसं झालं, असं आईने विचारलं. मी म्हटलं, चाक निखळलं. मुलीने विचारलं, "ते काका कुठे आहेत?"

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. एका ठिकाणी 'मयताच्या दुर्लक्षामुळे' असं पडलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे. सही करण्याआधी एक ओळ वाढवून घेतली, ती अशी: ट्रेलर ज्याचा त्याला द्यावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. डाव्या चाकाचं झाकण मात्र मला मिळावं, आणि तोवर आतलं ग्रीस कुणी पुसू नये. त्यावर माझ्या भावाच्या अंगठ्याचा ठसा आहे.