तिसऱ्या हाकेला ओ

(जव्हार संस्थानातलं साखरशेत. रामीच्या खळ्यात नागलीची झोडपणी चालली आहे. तिचा भाऊ ढवळू मदतीला आला आहे, म्हणजे बसला आहे. रामीची लेक चिमी आजच मुंबईहून आली, आणि बूट काढून खळ्यात उतरली आहे.)

ढवळू : ...तर तिथं मुंबईत शिपायांनी हिला धरली, रामे! लाकडं रचलेली, खाली जाळ. मी पार वर छपराखाली बसलेलो, तरी धगीनं माझी डावी मिशी करपली.

चिमी : मामा, जाळ नव्हता तो. तांबडं कापड होतं. खालून दोन माणसं पंख्यानं हलवत होती.

ढवळू : मग मिशी कशानं करपली?

चिमी : बिडीनं.

रामी : पण हिला धरली कशापायी?

ढवळू : भुताळी ठरवली! पंचांनी, केसांचे टोप घालून.

चिमी : नाटकातली भुताळी, आये. मड्डमच्या मुलखातलं नाटक. त्यात बोलायचं ते सगळं गाऊनच.

रामी : आठ वर्सं त्या मड्डमनं शिकवलं ते हेच?

ढवळू : शिकवायला तिनं उचलली कशी, ते विसरलीस? राजाची पावणी म्हणून शिकारीला आलेली. ही शेतातल्या माळ्यावर बसून डुकरं हाकत होती. एक आरोळी दिली, तर डुकरं मोखाड्याला जाऊन थांबली आणि मड्डमचा घोडा जागच्या जागी खाली बसला! मड्डम म्हणाली, हा गळा मला द्या.

रामी : एवढा गळा, तर मग राणी का नाय करत? भुताळी कशाला?

चिमी : राणी बारीक आवाजाची लागते. माझा मधला, भरदार. या आवाजाला आई, दाई, चेटकीण. नाहीतर मिसरूड न फुटलेला राजपुत्र.

ढवळू : पोरगा? विजार घालून?

चिमी : विजार घालून, कमरेला तलवार लावून. मला आवडतं. राणी काय मामा, शेवटी खोकत खोकत गाते आणि मरते. मला निदान मारायला चार शिपाई लागतात.

रामी : पुढं काय झालं ते सांग.

ढवळू : पुढं काय! भुताळी म्हटल्यावर आपल्याकडं बाईचं काय करतात, मला नाय ठाऊक? उठलो आणि हाक मारली. चिमेऽऽ! झुंबराचे लोलक गळून पडले. पुढच्या रांगेतल्या साहेबानं ते टोपीत गोळा केले!

चिमी : पहिल्या हाकेला मी ओ दिली नाही. दुसरीलाही नाही.

रामी : बरं केलंस. दोन हाका भूतसुद्धा मारतं.

ढवळू : म्हणून तर तिसरी मारली! तिसरी माणसाचीच असते.

चिमी : आणि मी दिली ओ. जळता जळता. इटलीच्या बोलीतलं गाणं मध्येच सोडून साखरशेतची ओ.

ढवळू : काय ओ होती, रामे! लोकांनी असा कल्ला केला...

चिमी : लोक हसले, मामा. एवढे वाद्यं वाजवणारे, सगळे हात आखडून बसले. कंपनीचा मालक म्हणाला, रविवारी पुन्हा उभी राहा. गाणं मोडलं नाहीस तर कंपनीबरोबर इटलीच्या जहाजात तुझी जागा. मोडलंस तर घरी जा.

रामी : मग ये की घरी. घर काय पळून गेलंय?

चिमी : नाही, आये. तेच सांगायला आलेय. यापुढं मी गात असताना कुणी हाक मारली तर ओ देणार नाही. तिसरीलाही नाही.

ढवळू : अगं, शुभ बोल.

रामी : काय बोलतेस, तुला कळतंय का? तिसरीला ओ नाय आली तर माणूस मेलं धरतात. तुझ्या बापाला तसंच धरला. लाकडांना दरीत उतरला तो परतला नाय. त्या कड्यावरून मीच मारल्या तिन्ही हाका. दुसरीपर्यंत वाटलं, लाकडं बांधत असेल, तोंडात दोरी असेल. तिसरी मारली आणि गावानं माझ्या बांगड्या फोडल्या.

चिमी : ठाऊक आहे. म्हणून तर निरोप न धाडता स्वतः चढून आले. ओ आली नाही तर माझे दिवस घालू नका. मी गात असेन, एवढं समजा.

रामी : एवढीशी तर ओ असते. दिली तर काय जातं?

चिमी : श्वास जातो. गाण्याला एकच श्वास असतो, आये. ओ देण्यात गेला की गाण्याला उरत नाही. तोच लांबवायला शिकले इतकी वर्षं. उताणी झोपायचं, पोटावर दगड ठेवायचा, आणि गायचं.

ढवळू : दगड कसला! मी पाहिलाय, पाटा होता. त्यावर वरवंटा. आणि मड्डम त्यावर मिरच्या...

रामी : दादा, गप.

ढवळू : गप. पण रविवारी मी जाणार हां. तिथंच, छपराखाली.

चिमी : ये. पण तोंडात काय धरशील?

ढवळू : मुंडाशाचं टोक. नाय पुरलं तर अख्खं मुंडासं.

रामी : किती लांब जातं गं ते जहाज?

चिमी : हाक पोचत नाही तिथवर.

ढवळू : रामीची पोचेल! एकदा हिनं बैलाला हाक मारली, तर डहाणूच्या बंदरात...

रामी : दादा!

चिमी : आये, तू नाही म्हणालीस तरी मी जाणार. पण चोरासारखी नाही जायचं मला.

रामी : जाशील. अडवल्यानं राहणारी असतीस तर तेव्हाच राहिली असतीस. ते सूप घे. इथं आहेस तोवर पाखड.

चिमी : रागावलीस?

रामी : वारा बघून धर, भुसा डोळ्यांत उडतोय माझ्या. आणि ऐक. मी रोज सांजच्याला कड्यावर जाणार. तू कुठंबी अस, हाक मारणार. आईनं मारायचीच असते.

चिमी : आये, आत्ताच सांगितलं ना तुला, मी ओ...

रामी : ऐकून तर घे. दोनच मारीन.