गंजाची रेघ

वहिनी : भाऊजी, हा पाचवा डबा. ह्यालाही चाकांपासून खिडक्यांच्या खालपर्यंतच गंज. छप्पर बघा, एक ठिपका नाही.

दीर : जुन्या खेळण्यातल्या आगगाडीचा पत्रा आहे, वहिनी. कुठे धरतो, कुठे नाही धरत. तुम्ही टूथब्रशने कडा घासा, तारेचा ब्रश मी मारतो. आणि व्हिनेगरमधून काढलं की सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं. नाहीतर आठवड्यात परत लाल.

वहिनी : तीनदा सांगितलंत. मी विचारतेय ते वेगळंच. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकाच उंचीवर रेघ कशी?

दीर : तो हेअर ड्रायर द्या जरा. ओलं राहिलं तर केलेलं सगळं वाया.

वहिनी : घ्या. ह्यांच्या माघारी पोरीने एवढी एकच वस्तू मागितली. म्हणाली, काका कारखान्याच्या रंगखात्यात होता, तोच करेल नीट. हे काय सांगायचे ठाऊक आहे ना? दहा वर्षांचे असताना गाडी गच्चीवर विसरले, रात्री पाऊस झाला, आणि मामंजींनी पुन्हा कधी कपाटाची किल्ली दिली नाही. ऐकून ऐकून पाठ झालंय मला.

दीर : हो. तसंच झालं.

वहिनी : पाऊस वरून पडतो, भाऊजी.

दीर : गच्चीवर पाणी साचायचं.

वहिनी : साचेना का. छपरं भिजल्याशिवाय राहतील? छपरांवर तर मूळ रंग जसाच्या तसा आहे. ही गाडी पाण्यात उभी होती.

दीर : प्रायमर मारू का आता? एकदा तो चढला की रेघ दिसायचीसुद्धा नाही. पाचला येईल ती, निदान एक हात तरी...

वहिनी : भाऊजी.

(तो ड्रायर बंद करतो.)

दीर : धुण्याच्या टबात. रुळांवर पूर आलाय, गाडी अडकलीय, असला काहीतरी खेळ. दादाने ती गच्चीवर मांडली होती, मी गुपचूप खाली आणली. जेवायला हाक आली आणि विसरलो. सकाळी बघतो तर चाकं फिरेनात. बाहेर पाऊस पडून गेलेला. मी ती उचलली आणि होती तिथे ठेवून आलो. आप्पांनी रागारागाने तशीच ओली कपाटात टाकली.

वहिनी : म्हणजे ह्यांना वाटलं...

दीर : त्याला खरंच वाटलं, आपणच विसरलो. मला खोटंही बोलावं लागलं नाही. आप्पांनी विचारलं, त्याने मान खाली घातली. मी शेजारी उभा. आठ वर्षांचा होतो मी, वहिनी.

वहिनी : आठचे होतात, कबूल. मग अठराचे झालात, चाळिशी गाठलीत, पेन्शनीत निघालात. दोन महिने हे इस्पितळात होते, तुम्ही रोज जेवणाचा डबा घेऊन येत होतात.

दीर : रोज ठरवून यायचो, आज सांगायचं. मग त्याची उशी सरळ करायचो आणि हवापाण्यावर बोलत बसायचो. लाज वाटायची हो. जितकी वर्षं गेली तितकी जास्त वाटायला लागली.

वहिनी : तुम्हाला लाज वाटायची. ह्यांचं काय झालं ते ऐका. पोर झाली तेव्हा महिनाभर हातात घेतली नाही. माझ्या हातून वस्तू बिघडतात, म्हणायचे. मी वेडी, त्यांना भागूबाई म्हणून चिडवायचे. साठी उलटली तरी काचेचा पेला दोन्ही हातांनी धरायचा माणूस.

दीर : मला माहीत नव्हतं हे.

वहिनी : जवळ बसून विचारलं असतंत तर कळलं असतं.

दीर : शिव्या द्या मला.

वहिनी : त्याने तुम्हालाच बरं वाटेल. तो प्रायमर बाजूला ठेवा. ती आली की आधी तिला सांगायचं, मग काय तो रंग.

दीर : तिने माझं तोंड बघायचं सोडलं तर? दादा गेला, आता मला दुसरं आहे कोण? तुम्हीच सांगता का तिला, वहिनी? हळूहळू, तुमच्या पद्धतीने?

वहिनी : नाही. आणि ती चिडली तर मी मध्ये पडणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

पुतणी : आई, दार उघडंच टाकलंय तुम्ही. अरे काका, हे काय, रंगाचा पत्ताच नाही? पण काय चकचकीत निघालंय. बाबांनी बघायला हवं होतं.

दीर : बस जरा.

पुतणी : काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

दीर : ही गाडी तुझ्या बाबांनी भिजवली नव्हती. मी भिजवली, टबात. आणि परत गच्चीवर नेऊन ठेवली. नाव त्याचं झालं.

पुतणी : बाबांना कधी सांगितलंस?

दीर : नाही सांगितलं.

पुतणी : शेवटपर्यंत?

दीर : शेवटपर्यंत.

पुतणी : मी सायकल शिकत होते ना, तेव्हा बाबा मागून धरायचे नाहीत, माझ्या हातून पडशील म्हणायचे. शेजारच्या काकांना बोलवायचे आणि स्वतः लांब जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं, त्यांना माझा कंटाळा येतो.