भिंतीपलीकडची बायको

एकटेपणाचं मला काय सांगता यार, माझं ऐका. परदेशात, चँडलर शहरातल्या माझ्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाक करताना मी एक जर्मन सिरीज लावून ठेवायचो. त्यातले नवरा-बायको सतत कडाकडा भांडायचे. शब्द कळायचा नाही, पण घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं.

एकदा शेजारच्या म्हाताऱ्या लिंडानं मला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाली, "तुमची भाषा मला कळत नाही, पण बायकोशी इतकं भांडू नकोस. माझा नवरा गेल्यापासून मला भांडायलाही कोणी नाही."

मी एकटाच राहतो, हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, "सॉरी, ट्राय करतो."

पुढे सिरीज संपली. घर चिडीचूप. काही दिवसांनी लिंडा बनाना ब्रेड घेऊन दारात उभी. हळूच म्हणाली, "गेली का रे ती?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. कित्येक महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी सिरीज पहिल्या भागापासून परत लावली, आवाज वाढवून. भांडण पेटलं, तशी भिंतीवर टकटक झाली आणि पलीकडून लिंडा आनंदानं ओरडली, "वेलकम बॅक, हनी!"